प्रतिसाद : पीडीएफ आणि डिजिटल साहित्य

छापील कादंबरीची पीडीएफ केली की झालं डिजिटल साहित्य, हे चर्चेतलं एक म्हणणं मला काही पटलं नाही. अमेरिकन साहित्य-अभ्यासक कॅथरीन हेल्स यांनी २००८च्या पुस्तकात हीच गल्लत सोडवलीय: संगणकावरच जन्मलेलं ते इलेक्ट्रॉनिक साहित्य, स्कॅन केलेलं नव्हे.

मला मात्र नॉर्वेचा अभ्यासक एस्पेन आर्सेथ जवळचा. १९९७च्या 'सायबरटेक्स्ट' या पुस्तकात तो मजकूर संगणकावर आहे की कागदावर, यापाशी अडत नाही. मजकुरातून वाट काढायला वाचकाला किती खटपट करावी लागते, ते बघतो. म्हणून नाणी टाकून वाचायचा प्राचीन चिनी शकुनग्रंथ 'यी चिंग'ही त्याला चालतो.

इथे जळगावात बसून हे वाचताना बहिणाबाई आठवतातच. त्यांच्या तोंडी ओव्या मुलगा सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपल्या, पुस्तक आलं १९५२ला. शब्द वाचले, पण घरोट्याची, म्हणजे जात्याची घरघर नि चाल कागदावर कुठून येणार? फ्लॅश या ब्राउझरात हलती चित्रं-आवाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या कवितांचं तेच झालं. २०२०अखेर फ्लॅशचा आधार संपला आणि त्या ब्राउझरात उघडेनात. अभ्यासक आता जुनी यंत्रं आणि एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) घेऊन बसलेत.

आमच्या गटातले अहिराणी गाण्यांचे व्हॉइस मेसेज तर मी फोन बदलताना घालवले. ते कोणाकडे असतील तर आधी उतरवून ठेवा, व्याख्या मागाहून करू.