मूठ, तोंड, डहाळी: चिनी 'ल्यांगत्स'ला मराठीत काय म्हणावं?

चौकस:
मँडरिन शिकायला लागून दोन महिने झाले. धास्ती उच्चारातल्या सुरांची होती, पण अडलो भलतीकडेच. 'एक मासा' म्हणताना 'एक' आणि 'मासा' यांच्यामध्ये आणखी एक शब्द घालावाच लागतो: 'ई थ्याव यू'. सुरीला थ्याव चालत नाही, तिला 'पा'. कागदाला 'चांग', पुस्तकाला 'पन'. या मधल्या शब्दांना चिनीत 'ल्यांगत्स' म्हणतात; मराठीत काय म्हणायचं? मोळी, जुडी, घड यांच्यातलेच ना हे?

पाटीपेन्सिल:
अर्धेच. एका लाकडाची मोळी होत नाही; मासा मात्र एकच असला तरी थ्याव सुटत नाही. थ्याव म्हणजे मुळात डहाळी. म्हणून मासा, नदी, रस्ता, विजार असं सगळं लांबट त्यात. बातमीलाही थ्यावच, आता बोला!

माझा लाडका 'पा'. मूळ अर्थ हातात धरणं. 'ई पा ताव' म्हणजे एक सुरी आणि 'ई पा मी' म्हणजे मूठभर तांदूळ. आपली मूठही सुरीला असते आणि तांदळाचीही भरते, फक्त आपण 'एक मूठ सुरी' म्हणत नाही. सुरीपाशी पा वस्तूचा प्रकार सांगतो, तांदळापाशी माप. नाव ठरवताना पंचाईत होते ती इथेच. 'ल्यांगत्स'चा शब्दशः अर्थ मापशब्द. भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांनीही बोली चिनीच्या १९६८च्या व्याकरणात 'मापं' हा मोठा वर्ग धरला आणि प्रकार सांगणारे शब्द त्याच्या पोटात घातले. तेव्हा माझं मत 'मापशब्द'ला. 'वर्गक', म्हणजे वर्ग सांगणारा, असंही कुणी सुचवेल, पण त्याला परिपत्रकाचा वास येतो.

ओटीवरून:
घरातली माणसं मोजताना चिनी लोक 'खौ' म्हणतात, म्हणजे तोंड. आपली 'खाणारी तोंडं'च की! आणि 'चार जण आले' मधला 'जण'? तो मापशब्दच नाही का?

पाटीपेन्सिल:
जवळ जातो, पण पोचत नाही. 'चार जण विद्यार्थी' आपण म्हणत नाही. बंगालीत तशी रचना सर्रास चालते. शिवाय आपल्याकडे 'चार जणी' होतात. चिनी मापशब्दाला लिंगाची भानगड नाही.

चौकस:
बरं, 'मापशब्द' घेतला वहीत. पण ऐन वेळी तो आठवलाच नाही तर?

पाटीपेन्सिल:
'क' म्हणून मोकळं व्हायचं. माणसांना एरवी तोच लागतो: 'सान क रन', तीन माणसं. सुरीला 'क' लावलात तर दुकानदार हसेल, पण सुरी देईल.