मुकाट्याने कशाला?
"विमानतळावर कस्टमवाल्याने बाजूला घेतलं की मुकाट्याने झडती द्यायची, आपल्या हातात काही नसतं" असं सांगतात ते अर्धंच खरं आहे. हुज्जत घालू नये, कबूल. पण १९६२च्या सीमाशुल्क (म्हणजे कस्टमच्या) कायद्यात कलम १०२ आहे. अंगझडतीआधी तुम्ही मागणी केलीत, तर जवळच्या राजपत्रित कस्टम अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे नेणं त्यांना बंधनकारक आहे. झडतीला निदान दोन पंच (साक्षीदार) लागतात आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची. (बॅग स्कॅनरमधून काढणं म्हणजे अंगझडती नव्हे, तिथे हे कलम सांगत बसू नका, हसतील.) आणि कलम १३६ तर अधिकाऱ्यांसाठीच आहे: सबळ कारण नसताना कुणाची अंगझडती घ्यायला लावली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! टॅक्सीलासुद्धा पुरायचे नाहीत.

मावशीला परदेशातून परत येताना तिच्या जुन्या पाटल्यांवरून अडवलं होतं. विमानतळाचं नाव घेत नाही. पहिला साहेब हळूच म्हणाला, "मावशी, इथंच मिटवू या का?" ती म्हणाली, "मिटवू की, पावती द्या." पावती म्हटल्यावर साहेबांना अचानक फोन आला. मग एक बाई अधिकारी आल्या, पाटल्यांची झिजलेली कड अंगठ्याने चाचपली, जातानाचे फोटो पाहिले आणि पाच मिनिटांत सोडलं. तेव्हापासून मावशी दागिने घालून निघताना विमानतळावर तारखेसकट फोटो काढते. जाताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट (दागिने इथूनच नेल्याचा दाखला) करून घेतलं तर आणखी उत्तम.