कुजणाऱ्या मल्चिंग पेपरात ग्राफीन घालावं का?

मच्छेकर:
मिरचीचं रान मोकळं झालं की बांधावर काय साठतं, ते बेळगाव-खानापुरात कुणाला सांगायला नको. बेडवर अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पेपराच्या, म्हणजे मल्चिंगच्या चिंध्या, आणि शेवटी काडी लावून धूर. कुजणारा पेपर असताना लोक तो घेत नाहीत, कारण तो टिकत नाही. तो दोन कुजणाऱ्या प्लास्टिकांचा करतात. पीएलए कडक, जरा ताणला की तडकतो. पीबीएटी लवचिक, पण लेचापेचा. दोन्ही मिसळले तरी बेडच्या कडेला ढेकळाचं टोक लागलं की चीर वाढतच जाते. माझं मत, त्यात अर्धा टक्का ग्राफीन, म्हणजे कार्बनचे अतिपातळ पापुद्रे, घालावेत. एका ग्रॅम ग्राफीनचा पृष्ठभाग हिशेबाने २६०० चौरस मीटरच्या वर जातो, म्हणून चिमूटभरात काम भागतं. त्याचे पापुद्रे आडवे बसले तर वाफेला वळसे घालत बाहेर पडावं लागतं, ओलही टिकते.

सरी_वरंबा:
होय की, पण पेपर कुजल्यावर ते ग्राफीन जातंय कुठं? आताचा पेपर निदान ओढून काढता येतोय, अर्धा का होईना. हा नांगरटीत गाडा म्हणून सांगालेत. दर हंगामाला गाडायचा, आणि त्याच रानात पुढं रताळी लावायची?

फुग्याचा_ऑपरेटर:
मी पिशव्यांच्या मशीनवर असतो, त्यामुळे जरा वेगळं बोलतो. ग्राफीन घालणं सोपं, पसरवणं अवघड. पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि गुठळी होते. पेपर २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्यात ५ मायक्रॉनची गुठळी आली, की चीर तिथूनच सुरू. मशीनवर वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा करून पेपर काढतात, तो चढवताना तिथंच भोक पडतं, फुगा बसतो, आणि पुन्हा सगळी जुळवाजुळव. आधी दाण्यात दाट मिसळून मास्टरबॅच, म्हणजे विरजणासारखा माल, करावा लागतो, तोही दोन स्क्रूच्या मशीनवर. शिवाय पीएलए नीट वाळवला नाही तर उष्णतेत ओलीमुळे त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. मग ग्राफीन घालून काय उपयोग? प्रयोगशाळेतली पट्टी मजबूत होते हो, रोल होणं वेगळं.

मच्छेकर:
गुठळ्यांचं मान्य, ते तंत्राचं काम आहे. पण सरी_वरंबा, तुमच्या भीतीचा हिशेब करू. एकराला २० मायक्रॉनचा पेपर साधारण ७५ किलो धरा. अर्धा टक्का म्हणजे पावणेचारशे ग्रॅम. आणि तुमचा आजचा पेपर काळा कशानं आहे? कार्बन ब्लॅकनं, म्हणजे काजळीच्या भुकटीनं. तोही नॅनो आकाराच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचाच. बांधावर राहिलेल्या चिंध्यांतून तो रानात जातोच आहे, तेव्हा कुणी विचारलं नाही.

सरी_वरंबा:
कुणी विचारलं नाही म्हणून चांगलं झालं काय, साहेब? पावणेचारशे ग्रॅम एका हंगामाचे. रान माझ्या पोरांनी पण करायचं आहे. धूर करणारे चुकतात, त्यात वाद नाही. पण डोळ्याला दिसणारी चिंधी बरी, वेचता तरी येती.

खानापूरचा_रसायनवाला:
यात एक खाचखळगा आहे. युरोपच्या ईएन १३४३२ या कंपोस्ट-मानकात १ टक्क्यापेक्षा कमी असलेल्या घटकाचं विघटन वेगळं सिद्ध करावं लागत नाही. म्हणजे अर्धा टक्का ग्राफीन घातलेला पेपर 'कुजणारा' या शिक्क्यासह येऊ शकतो, आणि ग्राफीन मात्र तसंच राहतं. मला हे पटत नाही. बळच द्यायचं तर उसाच्या बगॅसमधून, म्हणजे चिपाडातून, काढलेलं नॅनोसेल्युलोज (झाडाच्या तंतूंचे अतिसूक्ष्म धागे) का नको? तेही कार्बनचंच, पण मातीतल्या जिवाणूंना खाता येतं. जिल्ह्यात कारखाने आहेत, शुगर इन्स्टिट्यूट इथंच बेळगावात आहे.

फुग्याचा_ऑपरेटर:
सेल्युलोज पाणी धरतं, पीएलएशी मिसळत नाही. मग वरून रसायनाचा लेप द्या. आणि बगॅस तर कारखाना बॉयलरला घालतो, वीज विकतो. तुम्हाला कोण देणार?

मच्छेकर:
ग्राफीन पेपराला धरून ठेवणारं आहे, सेल्युलोज पाणी ओढणारं. मिरचीला चार-पाच महिने पेपर टिकायला हवा. मला अजून ग्राफीनच बरं वाटतं.

सरी_वरंबा:
मग आधी तुमच्या रानात दोन सऱ्या घाला. एक ग्राफीनची, एक साधी. इकडच्या तांबड्या मातीत पण घाला, अथणीच्या काळ्या रानात पण. तिसऱ्या हंगामाला गांडुळं मोजायला मी येतो, डबा घेऊन.