शॉर्ट फिल्मच्या ट्रेलरसाठी टार्गेट ऑडियन्स कसा शोधायचा? (विषय राखणदार)

फोंडेकार_पोरगा
आम्ही चौघं मास कॉमला, शेवटचं वर्ष. शॉर्ट फिल्म शूट करून झालीय, आजोबांचं भाट (म्हणजे माडा-झाडांची बाग) विकायला मुलगा गावी येतो आणि रात्री राखणदार (जागेची राखण करणारा गावचा देव) त्याला भाटातून बाहेरच पडू देत नाही अशी गोष्ट, थोडी हॉरर थोडी घरगुती. संवाद मराठी, मधे मधे कोंकणी. आता दीड मिनिटाचा ट्रेलर कापायचाय आणि सोबत ऑडियन्स रिसर्च जोडायचाय. सर म्हणतात, नुसतं '१८ ते ३५, गोवा' लिहून आणलंत तर कागद परत. गुगल फॉर्म तयार आहे, अजून पाठवला नाही. प्रश्न: वय, शिक्षण, घरचं उत्पन्न, हॉरर आवडतं का, मराठी सिनेमा बघता का, आमचा ट्रेलर बघाल का. काय राहिलंय सांगा ना.

म्हापशेची_बाय
राहिलं काही नाही, जास्तच झालंय मरे. उत्पन्न काढून टाक, तू काय फ्लॅट विकतोयस? 'ट्रेलर बघाल का' ला तुझे मित्र हो म्हणणार, मावशी हो म्हणणार, संपला रिसर्च. त्यापेक्षा विचार की शेवटचा भीतीचा सिनेमा कुठला बघितला, मोबाइलवर की थिएटरला, कोणासोबत, आणि पुरा बघितला की अर्ध्यावर सोडला. माणूस आवड सांगताना फेकतो, केलेलं सांगताना कमी फेकतो.
आणि मातृभाषा विचारू नको. २०११ च्या जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा लिहिणारे ११ टक्क्यांच्या आसपास आणि कोंकणी ६६, पण घरात कोंकणी बोलून मराठी पेपर वाचणारे आणि जत्रेला रात्रभर मराठी नाटक बघणारे तुझ्या फोंड्यातच किती आहेत बघ. सबटायटल नसताना संवाद कळतात का, एवढंच विचार.

सत्तरीकार
बायने सांगितलं ते बरोबर, पण मूळ मुद्दा वेगळाच आहे रे. तुझा प्रेक्षक वयाने फुटत नाही, राखणदार ठाऊक आहे की नाही यावर फुटतो. आमच्याकडे वर्षाला रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) देतात, विडी आणि दारू ठेवतात, खांद्यावर कांबळं आणि हातात काठी घेतलेला तो रात्री वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो असं लहानपणापासून ऐकलेलं. त्या माणसाला तू अंधारात काठीचा ठक ठक आवाज आणि नुसते पाय दाखवलेस तर तो घाबरणार नाही, उलट म्हणेल आला बाबा, आता पोरगा सुटला. तोच शॉट पणजीत फ्लॅटमध्ये वाढलेल्या, आईबाप बाहेरून आलेल्या मुलीला भूत वाटेल. एकाच शॉटचे दोन अर्थ, मग ट्रेलर कोणासाठी कापतोय ते आधी ठरव. हॉरर म्हणून विकलास तर गावची माणसं नाराज होतील (आणि खरं सांगू, मीपण होईन, राखणदाराला भूत करायची फॅशनच आलीय). फॉर्ममध्ये पहिला प्रश्न हाच टाक: राखणदार म्हणजे काय, तुमच्या शब्दांत. पर्याय देऊ नको, टाइप करू दे.

एडिटिंगवाला_मडगाव
दोन कट कर पात्रांव. एक भीतीचा, एक आजोबांच्या बाजूचा. फॉर्मवर न पाठवता समोर बसवून मोबाइलवर दाखव, एकेकाला, घोळक्यात नको कारण घोळक्यात पहिला जो बोलतो तेच सगळे बोलतात. बघताना तू स्क्रीनकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघ. संपल्यावर 'आवडला का' नाही, 'गोष्ट काय असेल सांग' एवढंच. नंतर यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) टाकून रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठपर्यंत बघतात त्याचा ग्राफ बघू शकतोस, पण थोड्या व्ह्यूजवर तो वय-बिय दाखवत नाही, त्याच्यावर रिपोर्ट उभा करू नको. रील्ससाठी उभा कट वेगळा लागेल, आणि बसमध्ये आवाज बंद ठेवून बघणारे खूप, म्हणजे तुझी काठीची ठक ठक तिथे गेलीच, संवाद स्क्रीनवर लिही.

आल्तिन्हो_७
एक छोटी गोष्ट. २००४ पासून इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) इथे होतो म्हणून सगळे स्टुडंट 'फेस्टिव्हल ऑडियन्स' लिहून मोकळे होतात. तो डेलिगेट चार दिवस येतो आणि जातो, तुझा ट्रेलर त्याच्यासाठी असेल तर इंग्लिश सबटायटल हवं आणि राखणदार दोन ओळींत समजवायला हवा. आणि पुढेमागे थिएटरात दाखवायचा विचार असेल तर ट्रेलरलापण सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, २०२४ पासून यूए (लहानांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचं) चे ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, तेव्हा वय त्या हिशोबाने लिही. नुसता यूट्यूब असेल तर ही भानगड नाही.

फोंडेकार_पोरगा
देव बरें करूं सगळ्यांचं. उत्पन्न काढलं. सत्तरीकार म्हणतो ते ग्रुपमध्ये वाचून दाखवलं तर भांडणच लागलं, दोघांना हॉररच पाहिजे. दोन्ही कट करतो. रविवारी साखळीला मामाकडे जातोय, त्यांच्या वाड्यावर सात-आठ जण मिळतील, आणि कॉलेजात पणजीची पोरं. मामाकडे आधी राखणदाराबद्दल विचारून घेऊ, मग ट्रेलर?

सत्तरीकार
उलट कर. आधी ट्रेलर, मग राखणदार. अगोदर विषय काढलास तर मामा तासभर आजोबांच्या गोष्टी सांगतील आणि मग ट्रेलरमध्ये त्यांना तेच दिसणार. फॉर्ममध्ये प्रश्न पहिला चालतो, तिथे ट्रेलर नाहीये.