आर्चटॉप गिटारचा आवाज : खणखणीत, टणक की आणखी काही?

सुरंगी (वेंगुर्ला) :
मंडळी, एक शब्द हवाय. भाचा आर्चटॉप गिटार वाजवतो. रविवारी गावच्या वाचनालयात त्याचं वादन आहे आणि आधी दोन मिनिटं वाद्याची ओळख मी करून द्यायची, मराठीत. पोट व्हायोलिनसारखं फुगीर, मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना वळणदार खाचा, इथवर जमलं. अडलंय आवाजापाशी. साध्या गिटारचा आवाज पडवीभर पसरतो. हिचा समोरच्या भिंतीवर जाऊन लागतो आणि तिथेच संपतो. मी 'खणखणीत' लिहिलं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, गिटार आहे ती, देवळातली घंटा नव्हे."

तिरफळ (देवगड) :
बरोबर बोलला. खणखणीत म्हटलं की धातू आला : नाणं, घंटा, झांज. इथे बोलतंय ते लाकूड. वरची फळी स्प्रूसची, कोरून कमानदार केलेली, आणि कोरताना कारागीर टिचक्या मारून ऐकत जातात. आमचो आजो झाडावरच्या फणसाक टिचक्या मारून सांगी, "आजून कच्चो आसा." कच्चा टणटण बोलतो, पिकला की बदबद. तुमची गिटार या दोहोंच्या मधे कुठेतरी. 'टणक' कसा वाटतो?

सुरंगी :
टणक बोटांना ठीक, कानाला नाही हो. 'घुमारा' चालेल?

आगळ (रत्नागिरी) :
घुमारा मुळीच नको. तो सपाट पोटाच्या गिटारला द्या, नाहीतर घुमटाला (वाद्य म्हणतोय, देवळाचा नव्हे). घुमाऱ्यात आवाज आत फिरून बाहेर येतो.

मी तंबोरे-सतारींची किरकोळ दुरुस्ती करतो. पहिल्यांदा आर्चटॉप हातात आली तेव्हा सवयीने सगळ्या तारा एकदम उतरवल्या, तर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) अलगद माझ्या मांडीवर येऊन पडली. लोकाची वस्तू, मोडली की काय म्हणून घाम फुटला. मग उमगलं, ही तर तंबोऱ्याचीच रीत. घोडी चिकटवलेली नाही, तारांच्या दाबावर उभी. आणि तारा खाली लंगोटाला अडकवलेल्या. टेलपीसला 'लंगोट' हा आपल्याकडचा तयार शब्द आहे, बिनधास्त वापरा. हसतील, पण विसरणार नाहीत. सपाट गिटारची घोडी फळीला चिकटवलेली असते आणि तारा तिला ओढत असतात. इथे तारा घोडीवाटे फळीला खाली दाबतात. आवाज झटकन उठतो आणि तितक्याच झटकन बसतो. आपल्या भाषेत, 'आस' आखूड. तंबोरा छेडून हात काढला तरी मागे रेंगाळते ती आस. 'तोकड्या आसेचं वाद्य' सुचवणार होतो, पण लोकांना ते निराश वाद्य वाटायचं.

तिरफळ :
आस आखूड, तर मग विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेचं काय? तीही मुळात आर्चटॉपच की.

आगळ :
तिला तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडल्यात, शिवाय तारेवरून सळई सरकते. आस त्यांची. पोटाचा गुण वेगळा.

ओहोटी (मालवण) :
हा आवाज असा घडवला कशासाठी, ते कुणीच विचारत नाही! गिब्सन कंपनीची एल-५ ही आर्चटॉप आली १९२२ साली. गिटारला विजेची जोड नव्हती आणि शेजारी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम. त्या गर्दीतून ऐकू जायला हवं होतं. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये आला आणि जवळजवळ पन्नास वर्षं मात्रेमात्रेला एक आघात देत बसला. एकट्याने पुढे येऊन वाजवणं जवळपास नाहीच. आस लांब असती तर एक आघात दुसऱ्यात मिसळून नुसता चिखल झाला असता.

आता दशावतार आठवा. माईक नव्हते तेव्हाचा. मागे मृदंग नि झांज चालू, तरी राजाचं भाषण शेवटच्या गोणपाटावर बसलेल्या म्हातारीला शब्द न् शब्द पोचायचं. त्या आवाजाला आपण काय म्हणायचो? खडा आवाज.

सुरंगी :
अगदी! पण कुणाला भातातला खडा आठवला तर?

ओहोटी :
तो गोटा. हा उभा असलेला खडा : खडा पहारा, खडी चढण. पुढे 'आवाज' मात्र हवाच. 'खडा नाद' करू नका. नाद मला गोल वाटतो, खडेपणा त्याला चिकटत नाही.

तिरफळ :
खडा मान्य, पण अर्धाच. हळू छेडून वरच्या पट्टीत एकेक स्वर वाजवा, त्यात मऊपणा सापडतो. लोणी नव्हे, साय म्हणा. 'खडा' म्हटलं की ती साय झाकली जाते.

सुरंगी :
साय भाच्याने वाजवून दाखवावी, मी बोलणार नाही. लिहिलंय ते असं : 'खड्या आवाजाची, आखूड आसेची गिटार. हिची घोडी तारांच्या दाबावर उभी असते आणि तारा लंगोटाला बांधलेल्या.' फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, "सगळं छान, मावशी, फक्त तो लंगोट गाळ."

आगळ :
गाळू नका.

सुरंगी :
नाही गाळत.