फ्युएल पॉव्हर्टीला मराठीत काय म्हणायचं?

लष्करवाला (ग्वाल्हेर): इंग्लंडमधल्या सरकारी योजनांवर एका लेखाचं मराठी करतोय आणि फ्युएल पॉव्हर्टीशी अडलोय. 'इंधनटंचाई' लिहिलं होतं, बहीण म्हणाली चूक, आणि बरोबरच आहे तिचं, तिथे गॅस घरापर्यंत आलेला आहे, बिल परवडत नाही म्हणून म्हातारी माणसं हीटर बंद ठेवून कुडकुडत बसतात. आधी हिशेब सोपा होता, घर नीट गरम ठेवायला कमाईच्या 10 टक्क्यांहून जास्त लागत असेल तर ते घर यात मोडायचं. 2021 पासून घराचा दर्जाही बघतात, ऊब टिकवण्यात घराची श्रेणी (ए सर्वांत चांगली, जी सर्वांत वाईट) डी किंवा त्याखालची असेल आणि घरभाडं नि बिलं गेल्यावर हातात दारिद्र्यरेषेपेक्षा कमी उरत असेल तर.

बडोदेकर: इंधनदारिद्र्य. संकोच कसला? सयाजीरावांनी 1931 साली राज्यकारभाराचा अख्खा कोश करवला, तेव्हाही लोक नवे शब्द जड आहेत म्हणालेच असतील.

मल्हारगंज (इंदूर): काका, 'विचारदारिद्र्य' म्हणजे विचारच नसणं. मग इंधनदारिद्र्य म्हणजे इंधन नसणं, फिरून टंचाईच की! आणि तिकडचे उपाय बघा, बिलात 150 पौंडांची सूट देतात ते आहेच, पण मुख्य काम भिंती नि छताला अस्तर घालायचं. दोष घरातही आहे. 'ऊब न परवडणं' असं सरळ लिहा.

बडोदेकर: ताई, ते वाक्य झालं, संज्ञा नाही. तक्त्यात कुठे बसवणार?

लष्करवाला: आणि आपल्याकडे 'ऊब' चालेल का? इथे प्रश्न स्वयंपाकाचा. आमच्या कामवाल्या मावशींना उज्ज्वलाचं कनेक्शन आहे, पण सिलेंडर संपला की दोन-दोन महिने तो कोपऱ्यात, आणि अंगणात सरपणावर चूल.

मल्हारगंज: सरपण म्हणजे बारीक काटक्या बरं का, चूल पेटवायच्या. जाड ते जळण. माझी आजी यात चूक खपवून घ्यायची नाही.

बडोदेकर: आमच्याकडे गोवऱ्यासुद्धा सरपणातच धरतात. सरपणातला 'सर' म्हणजे शर, बोरूची काडी, असं मला वाटतं.

मल्हारगंज: मग माझंच खरं ठरलं ना, काडी म्हणजे बारीकच! गोवरी कुठून आली त्यात?

लष्करवाला: आमच्या घरी तर सगळ्यालाच लकड्या म्हणतात, सरपण मी आजोळीच ऐकलं. पण मंडळी, सोमवारी लेख द्यायचाय, तक्त्यात काय लिहू?

बडोदेकर: आधी गोवरीचं मिटू दे. आईला विचारून सांगतो.