बीट व्हिनेगरमध्ये घालायचंय, पण बाटलीवर ४ टक्के लिहिलंय, चालेल का?

तुळस_नाशिक
नमस्कार मंडळी. शेतावरून पोतंभर बीट आलंय, कोशिंबीर झाली, पराठे झाले, हलवाही झाला, आता पोरं ताटात लाल काही दिसलं की तोंड फिरवतात. म्हणून ते बाहेरच्या देशात मिळतं ना, व्हिनेगरमधलं आंबटगोड बीट, तसं करून बरण्या भरून ठेवाव्यात म्हणतेय. पण रेसिपी बघितल्या त्या सगळ्या तिकडच्या, त्यात ५ टक्के ॲसिडचं व्हिनेगर आणि वर पाणी घालायला सांगतात, माझ्या पांढऱ्या सिंथेटिक व्हिनेगरच्या बाटलीवर ४ टक्के छापलंय. तेच प्रमाण धरू का? आणि फ्रीजमध्ये जागा नाहीये, कैरीच्या लोणच्यासारखं बाहेर फडताळात ठेवलं तर किती टिकेल? सासूबाई म्हणतात वर बोटभर तेल ओत, काही होत नाही.

बरणीवाली_काकू
तुळस, प्रमाण तेच नको धरूस. तिकडच्या नेहमीच्या रेसिपीत ४ कप व्हिनेगरला २ कप पाणी असतं. आपलं ४ टक्क्यांचं घेतलं तर ५ कपाला १ कप पाणी, म्हणजे आंबटपणा बरोबर तेवढाच येतो, हिशोब करून बघ. एक किलो बिटाला साधारण ३७५ मिली व्हिनेगर, ७५ मिली पाणी, १२५ ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ, दालचिनीचा छोटा तुकडा, चार लवंगा, एक-दोन कांदे गोल चिरून. साखर कमी केलीस तरी चालेल, त्यात फक्त चवीचा प्रश्न आहे, व्हिनेगर मात्र कमी करायचं नाही. खार कमी पडला तर याच मापाने आणखी कर, नुसतं पाणी ओतून बरणी भरायची नाही.

बीट लहान निवड, लिंबापेक्षा जरा मोठं, मोठ्याला मध्ये लाकडासारखे दोरे असतात. देठ बोटभर ठेव, खालची शेपटी पण कापू नकोस, साल तर अजिबात काढू नकोस, नाहीतर सगळा रंग पाण्यात आणि बीट फिक्कं. पातेल्यात २५-३० मिनिटं उकडायचं, सुरी सहज आत गेली की झालं. कुकरला केलंस तरी चालेल पण जास्त शिट्ट्या झाल्या की गाळ होतो. गार झालं की साल अंगठ्याने सरकते. मग चकत्या करून उकळत्या खारात कांद्यासकट पाच मिनिटं ठेवायच्या आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरणीत भरायच्या, सगळं खाराखाली बुडलेलं पाहिजे. पातेलं स्टीलचं घे, ॲल्युमिनियमचं नको. आणि फ्रीज!! आठवडाभर मुरू दे मग खा, महिना-दीड महिना छान राहतं.

सोलापुरी_तडका
काकू रेसिपी झकास पण फ्रीजचं एवढं काय, आमच्याकडे लोणची पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर असतात, चिनीमातीची बरणी, वर दादरा बांधला की पुढच्या आखाडापर्यंत बघायचं काम नाही. कोणी आजारी पडल्याचं ऐकलं नाही. आजी काय ॲसिडिटी मोजत बसल्या होत्या का

प्रयोगशाळेतली
@सोलापुरी_तडका आजींना मोजायची गरज नव्हती कारण कैरी आणि लिंबू मुळातच आंबट, त्यात मीठ सढळ हाताने. बीट आंबट नाही, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साडेपाच-सहाच्या आसपास असतो, आणि वाढतं मातीत. मातीत बोटुलिझमच्या, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या, जंतूचे बीजाणू असतात, ते साध्या उकळीने मरत नाहीत, म्हणजे तुम्ही बीट अर्धा तास उकडलं तरी ते जिवंत राहू शकतात. ते रुजून विष तयार करतात ते हवा नसलेल्या जागी, आणि पीएच ४.६ च्या वर असेल तर. म्हणून आंबट खार आतपर्यंत मुरायला हवा. आता त्यावर तेल ओतलं की काय होतं? हवा बंद होते, बाकी काही नाही. कैरीत बुरशी येऊ नये म्हणून ते बरोबर आहे, पण आंबट कमी पडलेल्या बिटावर तेल म्हणजे त्या जंतूची सोय. आणि वास, चव, रंग बघून हे विष कळत नाही, ही खरी पंचाईत.

तिकडे बाहेर ठेवतात ते भरलेल्या बरण्या झाकणासकट अर्धा तास किंवा जास्त उकळत्या पाण्यात बुडवून, गाव समुद्रसपाटीपासून किती उंच त्याप्रमाणे वेळ वाढवून, आणि ५ टक्क्यांच्या व्हिनेगरवर तपासलेलं प्रमाण वापरून. आपल्या ४ टक्क्यांवर हिशोब जुळतो हे खरं, तरी मी फडताळात ठेवणार नाही. तुळसताई, पोतंभर एकदम करू नका, कच्चं बीट पानं काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठवडेच्या आठवडे राहतं, लागेल तसं एक-एक किलो करा.

दिल्लीकर_मराठी
व्हिनेगरच नको असेल तर कांजी, म्हणजे आंबवलेलं तिखट-आंबट पेय, करा की. इकडे थंडीत काळी गाजरं येतात तेव्हा घरोघरी होते, होळीला तर हवीच, काळं गाजर नसलं तर लाल गाजर आणि रंगाला बीट. दोन लिटर उकळून गार केलेलं पाणी, दोन बीट आणि चार गाजरं बोटाएवढी चिरून, दोन मोठे चमचे मोहरीची पूड, दोन-अडीच मोठे चमचे मीठ, थोडं तिखट, तोंडाला फडकं बांधून उन्हात. तीन-चार दिवसांत आंबते, नाशिकच्या उन्हात उन्हाळ्यात दोन दिवसांतच होईल, रोज कोरड्या चमच्याने हलवा आणि चाखा, आंबट लागली की लगेच फ्रीजमध्ये. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाकता येते, पण हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं प्यायचं असलं काही करू नका. ही गोष्ट पोटाला छान पण मोहरी नाकात जाते, पहिल्यांदा पिणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं असतं 😄

पेनसिल्व्हेनियातून
आमच्या इथे बीट संपलं की उरलेल्या खारात उकडलेली सोललेली अंडी टाकतात, दोन-तीन दिवसांत बाहेरून जांभळी आणि आत पिवळी, ईस्टरच्या वेळी दुकानात पण दिसतात. माझ्या मुलाला भयंकर आवडतात. पण ती फक्त फ्रीजमध्येच हं. १९९७ मध्ये इलिनॉयमध्ये एका माणसाला घरी केलेल्या अशाच अंड्यांतून बोटुलिझम झाला होता, त्यात बीट, मिरच्या, व्हिनेगर सगळं होतं, पण अंड्यांना टूथपिकने भोकं पाडली होती आणि बरणी बाहेर ठेवली होती. खार पुरेसा आंबट होता, बलकापर्यंत पोचला नाही. व्हिनेगर घातलंय म्हणजे झालं असं नाही, ते वरच्या प्रयोगशाळेवाल्या ताईंचं अगदी बरोबर आहे.

सोलापुरी_तडका
बरं बाबा, माळ्याचं मागे घेतो. पण मग लिंबाच्या रसात केलं तर? आमची मावशी बीट किसून लिंबू, मिरची, वर मोहरी-हिंगाची फोडणी घालते

बरणीवाली_काकू
ते मस्तच लागतं, पण ते ताजं लोणचं, फ्रीजमध्ये आठ दिवस आणि संपवायचं. प्रत्येक लिंबू वेगळं असतं, त्याचं माप कसं धरणार.

तुळस_नाशिक
खूप आभार सगळ्यांचे 🙏 सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बघू. आज एक किलोचा घाणा टाकते, ५ ला १ करून. गुळ चालेल का साखरेऐवजी? आणि एक जरा ऑकवर्ड प्रश्न, परवा बिटाचा हलवा खाल्ल्यावर धाकट्याला लघवी लालसर झाली, घाबरलोच होतो आम्ही.

प्रयोगशाळेतली
काही लोकांना बीट खाल्ल्यावर तसं होतं, रंग आरपार निघतो, त्रास नसतो. बीट न खाता झालं तर मात्र डॉक्टरकडे. गूळ चालेल पण खार गढूळ आणि तपकिरी होईल, काचेच्या बरणीत दिसायला छान हवं असेल तर साखरच घाला. बरणीचं पत्र्याचं झाकण आतून खरवडलेलं नाही ना बघा, व्हिनेगरने गंजतं.